वॉटी टर्नबुलच्या मेंढ्या इंग्लंडला गेल्या त्याची गोष्ट

"हे मी सांगतोय खरं, पण इथल्या एकाचाही त्यावर विश्वास बसायचा नाही," असं म्हणून वॉटी टर्नबुलने डोक्यावरची टोपी काढली आणि बारवर ठेवली.

वॉटीने टोपी काढून ठेवली की गोष्ट लांबते, हे लिंटनशॉ गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पबवाल्या सँडी लेडलॉने न विचारताच त्याच्यापुढे अर्धा पाइंट बिअर आणि शेजारी व्हिस्कीचा छोटा पेला सरकवला. खिडकीपाशी रग्बीच्या संघाचा उद्धार करत बसलेल्यांनी खुर्च्या वळवून घेतल्या. सत्तरी ओलांडलेला हा मेंढपाळ थापाड्या म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला होता. त्याने पकडलेले ट्राउट मासे खाऊन संपल्यावरसुद्धा दरवर्षी वीतभर वाढत.

आज मात्र ही गोष्ट त्याने आपणहून काढली नव्हती. ती त्याच्याकडून वसूल केली जात होती. वसूल करणारा होता गेव्हिन प्रिंगल, शाळेत इतिहास शिकवणारा आणि गावातल्या 'होय'वाल्यांचा म्होरक्या. स्कॉटलंडने इंग्लंडबरोबरच्या तीनशे वर्षांच्या संसारातून उठून वेगळी चूल मांडावी की नाही, यावर सगळ्या देशाने नुकतंच मत दिलं होतं आणि 'नाही'वाले जिंकले होते. लिंटनशॉमध्ये 'होय'चा सगळ्यात मोठा आवाज वॉटीचा. उन्हाळाभर त्याने गावातलं एक दार ठोठावायचं सोडलं नव्हतं. आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर त्याने निळ्या रंगाने मतपत्रिकेवर मारतात तशा फुल्या मारल्या होत्या आणि मेग कुत्रीच्या पट्ट्याला बिल्ला लावला होता. आणि प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी हा बाबा गावच्या हॉलकडे फिरकलाच नाही.

"मी दिवसभर हॉलच्या दारात उभा होतो," गेव्हिन म्हणाला. "थोरली मिसेस टेट नाकात नळी घालून, प्राणवायूची टाकी ओढत आली. तू कुठे होतास?"

"इंग्लंडमध्ये," वॉटी म्हणाला.

पब चिडीचूप झाला. एकच आवाज तेवढा चालू राहिला, कोपऱ्यातल्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडल्याचा. तिथे नेटा रदरफर्ड सँडीच्या आईबरोबर खेळत बसली होती, वॉटीकडे पाठ करून. आणि आतली गोष्ट अशी, की वॉटी जे काही सांगणार होता ते गेव्हिनला नव्हे, त्या पाठीला सांगणार होता.

नेटाचं शेत आणि वॉटीचं शेत यांच्यामध्ये एक दगडी गडगा आहे. नवरा आर्ची वारल्यापासून ती तिथे एकटीच राहते. गेला उन्हाळाभर दुपारी तीन वाजले की ती चहाची किटली घेऊन गडग्याच्या तिच्या बाजूला येई, वॉटी आपला मग घेऊन त्याच्या बाजूला उभा राही, आणि दोघं देशाचं काय करायचं यावर भांडत. नेटा 'नाही'वाली. तिने फाटकावर 'नको, धन्यवाद' अशी पाटी लावली होती. नाहीच म्हणायचं तर आभार कशाला मानतेस, असं वॉटीने विचारलं, तर ती म्हणाली, माझ्या आईने मला वळण लावलंय, तुझ्या आईचं माहीत नाही.

भांडायला विषयांची कमी नव्हती. वेगळे झालो तर पेन्शन कोण देणार, असं ती विचारी. आत्ता कोण देतंय, आपलेच पैसे लंडनला हवापालट करून परत येतात, असं तो म्हणे. मग पौंडावर येत. पौंड काय इंग्लंडच्या बापाचा आहे, आपल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात की, असं वॉटी म्हणाला, तेव्हा नेटाने आठवण करून दिली की त्याच नोटा पलीकडचे दुकानदार उजेडात धरून, उलट्यासुलट्या करून बघतात. "म्हणूनच तर म्हणतो," वॉटी म्हणाला. आपण मत देतो एकाला आणि राज्य करतो दुसराच, हा त्याचा हुकमाचा पत्ता. त्यावर ती म्हणे की लंडन जाऊन एडिंबरा आलं म्हणून लिंटनशॉच्या रस्त्यातले खड्डे बुजणार आहेत का, त्या दोघांनाही हे गाव नकाशात सापडत नाही. किटली रिकामी होई. ती घरी जाई. वॉटी संध्याकाळभर उद्याची उत्तरं जुळवत बसे आणि ती मेंढ्यांना म्हणून दाखवी.

ऑगस्टात मात्र एक दिवस तिने वेगळंच काढलं. तिची मुलगी फिओना डोंगरापलीकडे, इंग्लंडात हेक्समला असते. "तुम्ही जिंकलात ना वॉटी, तर मी सरळ फिओनाकडे राहायला जाते," ती म्हणाली. "नातवंडांना भेटायला पासपोर्ट दाखवत बसायचं माझं वय राहिलं नाही."

त्या दिवशी वॉटीच्या मगातला चहा गार झाला. मिसरूड फुटल्यापासून ज्याची वाट पाहिली तो देश, आणि रोज तीन वाजता येणारी नेटा, अशा दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या होत्या आणि फुली मारायची होती एकच.

पुढे निकाल लागला. देश तर हातचा गेला, पण नेटा तरी राहिली, अशी मनाची समजूत घालून वॉटी दुसऱ्या दिवशी तीन वाजता मग घेऊन गडग्याशी गेला. नेटा आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी तिच्या अंगणात फिओनाची लाल गाडी दिवसभर उभी होती, ती बघून तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भांडायलाच काही उरलं नाही म्हटल्यावर ती इथे थांबेल तरी कशासाठी, हे तोवर त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आता उपाय एकच होता. चुकीचं काही कानावर पडलं की नेटाला राहवत नाही, चर्चमध्ये पाद्रीबाबांनासुद्धा तिने मधेच थांबवलेलं आहे. तेव्हा आज इतक्या थापा मारायच्या, इतक्या मारायच्या, की झक मारत तिला मान वळवावी लागेल.

"सकाळी उठलो," वॉटीने सुरुवात केली. "बापाचा लग्नातला कोट चढवला. मत काय रोजच्या जाकिटात द्यायचं? बाहेर धुकं. आणि बघतो तर डोंगराकडचं फाटक सताड उघडं. एक मेंढी जागेवर नाही."

"फाटक उघडलं कोणी?" सँडीने विचारलं.

"मेंढ्याने, त्या शिंगाळ्या थोरल्याने. बाहेर पडायचं की नाही ते आज ज्याचं त्याने ठरवायचंय, असं त्याच्या कानावर आलं असणार. महिनाभर मीच त्याला ऐकवत होतो."

हशा पिकला. कोपऱ्यातली पाठ हलली नाही.

वॉटीने गोष्ट पुढे हाकली. मेंढ्यांच्या मागावर त्याने मेगला सोडलं. पण मेगची आई पडली इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडची. सीमेच्या भिंतीपर्यंत कुत्री त्याच्या शिट्टीवर चालली, आणि पलीकडे उडी मारताच तिला स्कॉटिश शिट्टी कळेनाशी झाली. हे ऐकून स्टुलाखाली पसरलेल्या मेगने एक डोळा उघडला, मालकाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. तेव्हा कोटाचे घोळ सावरत वॉटीही भिंत चढला आणि इंग्लंडात उतरला. उतरला तो थेट हेडली नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात. हेडली काठी टेकून उभाच होता, आणि वॉटीच्या मेंढ्या त्याच्या गवतात तोंड घालून चरत होत्या.

हा कळप तुझा कशावरून, असं हेडलीने विचारलं. पाठीवरच्या निळ्या फुल्या बघ, वॉटीने सांगितलं. त्यावर तो गृहस्थ म्हणाला की आमच्याकडे नको असलेल्या वस्तूवर फुली मारतात, तेव्हा तू टाकून दिलेल्या मेंढ्या मी उचलल्या तर बिघडलं कुठे.

"बरं, मी त्याची समजूत घातली," वॉटी म्हणाला. "तर म्हणतो, आता निकालापर्यंत थांब. तुम्ही वेगळे झालात तर ही परदेशी जनावरं. त्यांना कागद लागतील, डॉक्टरचा दाखला लागेल. नाही झालात तर खुशाल घेऊन जा."

"असं कसं?" गेव्हिनमधला मास्तर जागा झाला. "होय आलं असतं तरी प्रत्यक्ष वेगळं व्हायला दीडेक वर्ष लागणार होतं. आपण पत्रक छापलं होतं."

"तेच सांगितलं मी त्याला. तो म्हणाला, आम्ही शेतकरी माणसं, आम्ही आधीपासून तयारीला लागतो."

मग म्हणे दोघांची कुरणातच जुंपली. वॉटीने त्याला ठणकावून सांगितलं की आमच्या समुद्रात तेल इतकं आहे की तीनशे वर्षं नुसतं बसून खाऊ. हे सांगताना त्याने आवाज चढवला आणि कोपऱ्याकडे पाहिलं. तीनशेच्या आकड्यावर नेटाच्या हातातली सोंगटी जराशी अधांतरी थांबली. सोंगटी टेबलावर बसली. सँडीच्या आईचा डाव कसा अडवावा, एवढंच ती बघत होती.

मग वॉटीने हात सैल सोडला. पेन्शन दुप्पट केली. क्लाइडच्या खाडीतल्या अण्वस्त्रांच्या पाणबुड्या हेडलीला मेंढ्या धुवायला भाड्याने देऊ केल्या. पौंडावर महाराणीच्या जागी चेव्हिएट मेंढीचं चित्र छापायचं ठरलंय, असंही ठोकून दिलं. पबमधली माणसं डोळे पुसत होती. गेव्हिनलासुद्धा हसू आवरेना, आणि निकाल लागल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता. एवढं सगळं होऊनही जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता, तिची मान काही वळेना. तिच्या मानेवर विस्कटलेले पांढरे केस तेवढे दिसत होते.

"मग हेडलीची बायको चहा घेऊन आली," वॉटी म्हणाला, आणि इथे त्याची चाल जरा मंदावली, कारण ही बाई त्याने आधी योजलेली नव्हती. ती आपली आली. "साधी बाई. हातात ताजे भाजलेले स्कोन-पाव. म्हणाली, 'मला एवढंच सांगा, आमचं काय चुकलं?'"

"मग तू काय सांगितलंस?" सँडीने विचारलं.

"म्हटलं, चुकलं काहीच नाही बाई. थोरला भाऊ वाईट नाही. जेवायला घालतो, आजारपणात बघतो. पण धाकट्याला आपलं वाटतं, की एक दार असावं ज्याची किल्ली आपल्या खिशात असेल. घर लहान का असेना. तेवढ्यासाठी माणूस जन्मभर वाट बघतो, आणि का बघतो ते त्याला धड सांगताही येत नाही."

आता कोणी हसत नव्हतं. गेव्हिन कोटावरच्या बिल्ल्याशी चाळा करत होता. गावात अजून कोणीच बिल्ले काढले नव्हते, आणि जिंकलेल्यांनीही, घरात काहीतरी झाल्यासारखे, आवाज खाली ठेवले होते.

"आणि ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, 'तुमचं दार तुम्हाला मिळेल हो, पण मधल्या भिंतीपाशी बोलायला येणारं माणूस उठून गेलं तर?'" वॉटीने व्हिस्कीचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "त्यावर मला काही सुचलं नाही."

गोष्ट भलत्याच वाटेला लागलीय, हे त्याच्याच लक्षात आलं. त्याने घाईघाईने आपला शिंगाळा मेंढा पुढे काढला आणि हेडलीच्या मेंढ्यावर घातला. दोघांची शिंगं अशी अडकली की सुटता सुटेनात. साबण लावून झाला, लोणी लावून झालं, जनावरांचा डॉक्टर आला, त्याने दोघांच्या मानेखाली हात घालून बघितलं आणि असं निदान केलं, की तीनशे वर्षांची गाठ आहे, एका दुपारीत सुटायची नाही. लोक पुन्हा हसले, पण ते वॉटीवरच्या मायेपोटी.

"सुटली शेवटी. म्हटलं अजून वेळ आहे, पळत सुटलो तर हॉल बंद व्हायच्या आत पोचेन. मेगला हाक मारली, मेंढ्यांना हाकायला गेलो." तो थांबला. पुढचं वाक्य काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. ते बाहेर आलं तेव्हाच त्याने ऐकलं. "तर मेंढ्या हलेनात. तिकडचं गवत त्यांना मानवलं होतं. नावाने हाका मारल्या. वर मानही केली नाही एकीने. अंधार पडेपर्यंत उभा होतो. पण एकदा पलीकडे जाऊन रुळलं की मग आपला डोंगर कोणाला आठवतोय? त्या तिकडच्याच झाल्या. म्हणून राहिलं माझं मत. संपली गोष्ट."

त्याने टोपीकडे हात नेला. कोपऱ्यात सोंगट्यांचा आवाज बंद पडला होता.

"वॉटी, हे खोटं आहे," नेटा म्हणाली.

ती खुर्चीत अख्खी वळली होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे चष्म्याआडून त्याला जाळत होते. वॉटीला इतकं बरं गेल्या उन्हाळ्यानंतर वाटलं नव्हतं.

"यातलं कुठलं खोटं म्हणतेस?" त्याने विचारलं.

"बाकीचं तू कितीही सांग, मी तोंड उघडणार नव्हते. पण डोंगराची मेंढी डोंगर विसरली म्हणतोस? अरे, ती आईच्या मागे चालत शिकते, कुठपर्यंतचं गवत आपलं ते. तिला ना कुंपण लागत ना कुत्रा. बाजारात विकून पलीकडे नेली तरी दोन नद्या ओलांडून ती आपल्या जागेवर येऊन उभी राहते. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे, आणि तू जन्म काढलास त्यांच्यात. शोभतं का तुला हे बोलणं?"

वॉटीने टोपीवरचा हात काढून घेतला.

"त्या दिवशी तुझी एकही मेंढी हलली नव्हती. सगळ्या वर चरत होत्या. आणि तू गडग्याच्या आड बसला होतास, बापाचा कोट घालून, मेगच्या पाठीवर हात ठेवून. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मी माडीवरच्या खिडकीतून बघत होते."

आता गेव्हिनही वॉटीकडे पाहत होता, पण जाब विचारायची त्याची हौस फिटलेली दिसली. सँडीने हातातला ग्लास पुसता पुसता हळूच विचारलं, "पण नेटा, तू दिवसभर खिडकीत काय करत होतीस?"

"काय करणार? टोपी घालून बसले होते," नेटा म्हणाली. "आर्ची गेल्यापासून दर निवडणुकीला हाच मला गाडीतून नेतो. हा त्याच्या माणसाला मत देतो, मी माझ्या. येताना गाडीत बसून मासे आणि चिप्स खातो आणि घरी येतो. तशीच वाट बघत बसले. म्हटलं आता हॉर्न वाजेल, मग वाजेल."

गेव्हिनने बोटांवर काहीतरी जमवून पाहिलं. "म्हणजे तूसुद्धा मत दिलं नाहीस?"

"कसं देणार? ह्याचं एक राहिलं, माझं एक राहिलं. दोघं गेलो असतो तरी तेच झालं असतं."

दिवसभर ओल्या गवतात बसून, आपल्या जन्माच्या इच्छेवर पाणी सोडून वॉटीने जे काही साधलं होतं, ते एका टोपी घातलेल्या बाईने खिडकीत बसून जिथल्या तिथे फेडून टाकलं होतं. हॉर्न वाजला नाही, तेवढ्यासाठी ती आठवडाभर धुमसत होती, आणि हा समजत होता की ती सामान बांधतेय.

"तू म्हणाली होतीस, फिओनाकडे जाईन," शेवटी तो पुटपुटला. आवाज इतका लहान होता की सँडीच्या आईला पुढे वाकावं लागलं.

"भांडताना माणूस काय वाटेल ते बोलतं," नेटा म्हणाली. "मेंढ्या कुठे गेल्या नाहीत, वॉटी, आणि मीही गेले नसते. मत देऊन यायचंस की रे वेड्या. मला घेऊन."